काठीला टांगलेलं दप्तर

मौरिट्स या माणसाला कुणाच्या तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही, आणि असला माणूस आमच्या शाळेनं मास्तर म्हणून ठेवला. नुसता मास्तर नाही हं, अख्ख्या शाळेला 'अभिप्राय कसा द्यावा' हे शिकवणारा तज्ज्ञ! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. पण माझं ऐकतंय कोण? मी हिलेखीन बोलहाउस, ग्रोनिंगनच्या या बंदरगावातली गणिताची जुनी बाई. आता खालचे वर्ग शिकवते आणि शाळेचा परीक्षा विभाग सांभाळते. फटकळ म्हणून गावभर नाव झालेलं.

मौरिट्सनं आणलेल्या संगणकावरच्या त्या खुळाचं नाव 'वाढतं झाड'. पोरांनी गणित सोडवायचं, त्याचा फोटो चढवायचा. मग मास्तरनं आणि वर्गातल्या एकदोघांनी त्यावर लिहायचं. आधी दोन कौतुकं, मग एक सूचना. दोन कौतुकं लिहून झाल्याशिवाय सूचनेची चौकट उघडतच नाही. आणि सूचनेत चुकून 'चूक' हा शब्द आला, की त्याखाली पिवळी रेघ येते आणि ते यंत्र लाडात येऊन विचारतं, 'हे वाढीच्या भाषेत सांगता येईल का?' दर अभिप्रायाला झाडाला एक पान फुटतं. गणित बरोबर असेल तर गर्द हिरवं, साफ चुकलं असेल तर पोपटी. लाल रंग नाहीच. लाल रंगानं म्हणे पोरांची मनं मिटतात. मी एकदा मुद्दाम शाळेच्या कोऱ्या भिंतीचा फोटो चढवला. त्यावर एकानं लिहिलं, 'मांडणी स्वच्छ आहे.' दुसऱ्यानं लिहिलं, 'कुठेही पसारा नाही.' फुटलं की हो भिंतीला पान!

आता, पोराला वाटेत सांगू नये असं माझं म्हणणं नाही. परीक्षेआधीच सांगावं, रोज सांगावं, पाय कुठे घसरला ते बोट ठेवून दाखवावं. त्यालाच तर शिकवणं म्हणतात. संगणकावरून सांगा, नाहीतर समुद्राच्या बांधावर उभं राहून ओरडून सांगा, माझी काही हरकत नाही. पण सांगा तरी! हा बाबा सगळ्यांना साखरेच्या पाकात बुडवून ठेवत होता, आणि पालक खूश, मुख्याध्यापक त्याहून खूश.

तर, निकालाचा दिवस. आमच्याकडे त्या दुपारी घराघरांत फोनकडे बघत बसायची रीत आहे. एक ते दोन या वेळात वर्गशिक्षक फक्त नापास झालेल्यांना फोन करतो. दोन वाजले आणि फोन वाजला नाही, की पोर सुटलं. मग बाकीच्यांना अभिनंदनाचे फोन जातात, घरावर झेंडा चढतो, आणि झेंड्याच्या काठीच्या टोकाला पोराचं शाळेचं दप्तर टांगतात. अख्ख्या गल्लीला कळतं, या घरचं पोर पास झालं. तो एक तास क्रूर आहे का? असेल. पण त्यात घोटाळा नाही. माझ्या वेळी असंच होतं, माझ्या आईच्या वेळीही असंच.

मौरिट्सला तो तास खुपला. "त्या तासामुळे पोरांना कलंक लागतो, हिलेखीन," असं मला म्हणाला. म्हणून या वर्षी सगळ्यांना आडनावांच्या क्रमानं फोन, पास-नापास एकत्र, आणि प्रत्येकाला दोन कौतुकं, एक सूचना. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. नवीन म्हटलं की त्यांना पटतंच.

शेवटच्या वर्गाचा वर्गशिक्षक मौरिट्सच, आणि तिथे गणितही तोच शिकवायचा. त्याच्या वर्गात इम्के डाइकेमा होती. बाप हार्मेन बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर काम करतो, आजा जहाजावर होता, आणि पोरीलाही जहाजावरच जायचं होतं. तेही अधिकारी म्हणून. बेटावरच्या नाविक शाळेत तिची जागा पक्की झाली होती, राहायची खोलीसुद्धा मिळाली होती. फक्त पास व्हायचं होतं. सकाळी निकाल माझ्या हातात आला तेव्हा बाकी सगळं ठीक होतं आणि गणितात चार. आमच्याकडे गणितात दहापैकी निदान पाच हवेतच; चार म्हणजे बाकी विषयांत कितीही दिवे लावले तरी नापास. एकच सोय होती. एका विषयाची फेरपरीक्षा देता येते, आठवड्याभरात, पण त्यासाठी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत पोरानं स्वतः अर्ज करायला हवा. नाही केला तर वर्ष गेलं आणि बेटावरची जागाही गेली.

संध्याकाळ होत आली तरी तिचा अर्ज नाही. मौरिट्स माझ्या खोलीत आला, चेहरा अगदी तृप्त.

"झाले का फोन?" मी विचारलं.

"झाले. फार सुंदर संवाद झाले."

"इम्केला सांगितलंस?"

"सांगितलं ना. तिनं इतकं छान घेतलं! अगदी आनंदानं."

"चार मार्क आनंदानं घेतले?"

"तू सारखी आकड्यांतच का गं बोलतेस?"

"गणिताची बाई आहे मी, आकड्यांतच बोलणार. तिचा अर्ज कुठाय?"

"मी म्हटलंय तिला, पुढची पायरी तुझ्या हातात आहे."

"अरे पण अर्ज कर, असं म्हणालास की नाही? सरळ, साध्या शब्दांत?" मी आमच्या ग्रोनिंगनच्या बोलीत विचारलं, तेही बरंच मोठ्यानं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग म्हणाला की त्याला अजून पोरांच्या घरी जायचंय, सूर्यफुलाची रोपं वाटायला. आणि गेला.

मी सायकल काढली. डाइकेमांचं घर माझ्या वाटेवरच आहे, बांधाच्या खाली. वळणावर आले आणि पायडलवरचे पाय थांबले. घरावर झेंडा फडकत होता. काठीच्या टोकाला इम्केचं निळं दप्तर!

मागच्या अंगणात खुर्च्या गोल मांडलेल्या. सगळा गोतावळा जमलेला, कॉफी, सायीचा केक, चीजचे तुकडे, मोहरीची वाटी. मला बघताच इम्केची आई रूली उठली, हात हातात घेऊन म्हणाली, "अभिनंदन हं, बाई!" मग मावशीनं अभिनंदन केलं, मग शेजारणीनं. आमच्यात असंच असतं. पोर पास झालं की आईचं अभिनंदन, मावशीचं अभिनंदन, खुर्चीत कुत्रा बसला असता तर त्याचंही केलं असतं. मी कुणाचंच केलं नाही. कुणीतरी माझ्या हातात केकची बशी दिली. इम्केच्या डोक्यावर आजोबांची जुनी नाविक टोपी होती आणि ती नुसती फुलली होती.

"इम्के," मी म्हटलं, "मौरिट्स फोनवर काय म्हणाला? जसंच्या तसं सांग."

"म्हणाला, मला दोन सुंदर गोष्टी सांगायच्यात. एक, तुझ्या प्रवासाचा मला अभिमान वाटतो. दोन, बाकी सगळ्या विषयांत तू झळकलीस. आणि एक सूचना, गणितात अजून वाढायला जागा आहे, तर पुढची संधी मनापासून घे. मी म्हटलं, घेईन की! तर म्हणाला, तुझी जिद्द ऐकून फार बरं वाटलं."

"आम्हाला वाटलं, जहाजाच्या शाळेतल्या गणिताबद्दल बोलतोय," रूली म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू हळूहळू उतरलं. "का हो बाई?"

मी बशी खाली ठेवली. असल्या वेळी गोल गोल बोलणं म्हणजे हलकटपणा आहे, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

"इम्के, तू नापास झालीस. गणितात चार आहेत."

हार्मेन उठला. हा एवढा आडदांड माणूस. "बाई, चेष्टेला काही सीमा असते."

"मी चेष्टा करते का रे हार्मेन? तुलाही शिकवलंय मी."

त्यानं खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. त्यावर पोरीचं झाड. "हे बघा! पानं मोजा! जंगल झालंय नुसतं! दर रविवारी आम्ही दोघं कॉफी पिताना बघतो हे, आणि तुम्ही म्हणता नापास?"

"यातली पोपटी पानं दिसतात ना? पोपटी म्हणजे साफ चुकलेलं."

"मग हिरवं कशाला केलंय?"

"ते मौरिट्सला विचार."

इम्केनं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. रडली नाही. तिचे कान तेवढे लाल झाले होते. "मी दोन वर्षं विचारत होते," ती म्हणाली. "माझं बरं चाललंय ना, असं. दर वेळी म्हणायचा, छान वाटेवर आहेस."

आणि तेवढ्यात घंटी वाजवत तो आलाच. पुढे खोकं असलेली ती लांबलचक सायकल, खोक्यात सूर्यफुलाची रोपं, पायात पांढरेशुभ्र बूट. झेंड्याकडे बघून त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा, झेंडा! किती छान! तुम्ही प्रयत्नांचा उत्सव करताय!"

मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पाहिले, पण स्वतः लावलेल्या आगीपाशी येऊन हात शेकणारा हा पहिलाच.

हार्मेन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "पास की नापास?"

"हार्मेन, मुलांना अशा दोन डब्यांत भरणं मला..."

"पास की नापास?"

"इम्के सध्या पास होण्याच्या वाटेवर आहे."

"असं का? टगवर दोर सुटला की मी 'दोर बांधला जाण्याच्या वाटेवर आहे' असं ओरडू का? मी ओरडतो 'सुटला!' नाहीतर खालचा माणूस मरतो, समजलं?"

इम्के उठून बापाच्या शेजारी आली. आमच्या शाळेत मौरिट्सला सर म्हटलेलं चालत नाही, अरे-तुरेच करायचं, त्यानं जवळीक वाढते म्हणे. "मौरिट्स," ती म्हणाली, "एकदाच म्हण. 'इम्के, तू नापास झालीस.' मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं रोप पुढे केलं आणि मऊ आवाजात विचारलं, "तुला आत्ता काय वाटतंय, त्याबद्दल बोलूया का आपण?"

"ह्याला केक द्या गं कुणीतरी," मावशी म्हणाली. "नाहीतर हाच रडत बसेल इथे, आणि पोरीला त्याची समजूत काढावी लागेल."

केक कुणी दिला नाही. तो सायकल वळवून निघून गेला. रोप फाटकाशी ठेवून गेला, त्याला वाटलं असेल तेवढं तरी घेतील. हार्मेन झेंडा उतरवायला निघाला तर इम्केनं त्याला अडवलं. "तुम्ही बसा, बाबा." स्वतःच खिडकीत चढली, स्वतःच दप्तर सोडवलं. सगळी गल्ली बघत होती. गल्लीला तर काय, नापास पोर दप्तर उतरवताना बघणं म्हणजे पर्वणीच. दप्तर घेऊन ती माझ्याकडे आली. "अर्ज कुठे करायचा, बाई?" तिथेच, चीजच्या बशा बाजूला सारून, आम्ही फोनवर तिचा अर्ज भरला.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागली. पहिलंच गणित तपासलं आणि मला दोन वर्षांचा सगळा पराक्रम कळला. कंसाबाहेर वजाबाकीचं चिन्ह असलं की ही पोरगी कंसातल्या पहिल्याच पदाचं चिन्ह बदलायची, पुढची तशीच सोडायची. दर गणितात. एवढी एक खोड, आणि तिच्यापायी पुढचं सगळं कोसळत होतं. मी मुद्दाम तिचं झाड उघडून बघितलं. त्याच चुकीवर मौरिट्सचा अभिप्राय होता, 'तुझ्या अक्षरात आत्मविश्वास आहे. पायऱ्या सुटसुटीत आहेत. चिन्हांशी अजून मैत्री करून बघ.' मैत्री! मी लाल पेन घेतलं आणि त्या ओळीखाली रेघ मारली.

"हे काय, बाई?"

"चूक."

"म्हणजे सगळंच गेलं?"

"छे गं. ही एक ओळ. वरच्या बरोबर आहेत. कंसाबाहेरचं चिन्ह आतल्या सगळ्यांना लागतं, एकट्या दारातल्याला नाही."

तिनं बघितलं, परत बघितलं. मग एक अशी शिवी घातली की टगवरच्या माणसानं कौतुकानं मान डोलावली असती. "एवढंच होतं? हे मला कुणी सांगितलं का नाही?"

त्यानंतर ती राक्षसासारखी गणितं करायला लागली. चुकली की मी म्हणायचे "चूक", ती म्हणायची "कुठे?", आणि आम्ही पुढे जायचो. संध्याकाळी घरून गणिताचा फोटो पाठवायची, मी फोनवरच लाल रेघ मारून परत करायचे. म्हणजे संगणकाचंही मला वावडं नाही, हे कुणीतरी मौरिट्सला सांगा. तिच्या मनाचं मिटणंबिटणं मला तरी कुठे दिसलं नाही. पोरगी हुशार होती हो! त्याचाच तर जास्त संताप यायचा. ढ पोराला फसवलं असतं तर एक वेळ म्हटलं असतं, जाऊ दे. पण चिन्हाच्या खोडीवर दोन वर्षांचं गणित रचलेलं होतं, आणि ते सगळं उसवून आठवड्याभरात परत शिवायचं म्हणजे खायचं काम नाही.

फेरपरीक्षेचा निकाल आला. मी पुन्हा पुन्हा बेरीज केली. चार. चार आणि वर थोडे, पाचाच्या अगदी उंबरठ्यावर. पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला आमच्याकडे आत घेत नाहीत.

मौरिट्स दारात येऊन उभा राहिला. आत यायचंही धाडस नव्हतं. "हिलेखीन, फोन तू करशील का? नाही म्हणजे, तुला वाईट बातमी सांगणं सोपं जातं."

सोपं जातं! त्याच्या थोबाडात द्यावीशी वाटली मला. सकाळपासून घोटभर कॉफी घशाखाली उतरली नव्हती, आणि हा म्हणतो सोपं जातं. "जा तू," मी म्हटलं. "दार लावून घे." त्यानं अगदी हळूच, आवाज न करता दार लावलं.

एक वाजल्यावर मी फोन लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"इम्के, मी हिलेखीनबाई. नापास. चारच आले."

पलीकडून हार्मेनचा आवाज आला, "काय म्हणतात?" आणि तिनं खणखणीत सांगितलं, "नापास, बाबा."

मला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. मेहनत केलीस, हुशार आहेस, अभिमान वाटतो. सगळं खरंच होतं. पण त्या घरात असल्या शब्दांची पार माती झालेली होती, म्हणून मी गप्प बसले.

"किती कमी पडले?"

"अगदी थोडे. एखादा प्रश्न."

"बेटावरची जागा गेली ना?"

"गेली. पुढच्या वर्षी परत अर्ज करावा लागेल. परत वर्षभर शाळा."

मग ती रडली. मोठ्यानं, लहान पोरासारखी. मी फोन कानाला धरून बसून राहिले. रूली तिला जवळ घेत असावी, कारण मधेच आवाज दबला. मग नाक शिंकरल्याचं ऐकू आलं.

"कुठे चुकलं, बाई?"

"आत्ता सांगू?"

"आत्ताच सांगा. उद्यापर्यंत कुणीतरी गोड बोलायला येईल."

मी तिचा पेपर पुढे ओढला. "कंस सगळे बरोबर सोडवलेस. एकही चुकलेला नाही. शेवटच्या आलेखात..."

"थांबा, थांबा. वही आणते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग जिन्यावर तिची पावलं. मी पेपर उघडा ठेवून तिची वाट बघत बसले.